आलो

दार एका अनोळखी माणसानं उघडलं आणि विचारलं, "कोण पाहिजे?"

विचारण्यात उर्मटपणा नव्हता. माणूस साठीच्या पुढचा, बुटका. अंगात बिनबाह्यांचा स्वेटर, एका हातात लोण्याची सुरी, तोंडात घास. नाश्ता अर्धवट टाकून उठलेला माणूस जेवढ्या सौजन्यानं विचारेल तेवढ्याच सौजन्यानं त्यानं विचारलं होतं. दाराबाहेर उभ्या असलेल्या फोटोग्राफरनं आयुष्यात हजारेक परकी दारं वाजवली असतील आणि या प्रश्नाला काय करायचं ते त्याच्या अंगवळणी पडलं होतं. आधी हसायचं, मग दोन्ही हात मोकळे आहेत हे दिसू द्यायचं, मग सावकाश कॅमेऱ्याकडे बोट दाखवायचं. पण हे दार त्याच्या आईवडिलांचं होतं. सातवीत असताना या चौकटीत बोट चेंगरून त्याचं नख गेलं होतं. इथे हसून काय दाखवायचं? तो नुसताच उभा राहिला. पिशवीच्या पट्ट्यानं खांदा उतरला होता, रात्रभरच्या प्रवासानं तोंडाला चव नव्हती, आणि क्षणभर त्याला खरोखरच वाटलं की आपण मजला चुकलो. तेवढ्यात आतून बहिणीचा आवाज आला, "कोण आहे हो?"

त्या 'हो'नं तो चमकला. "कोण आहे?" एवढंच ती म्हणाली असती तर हा माणूस नळ दुरुस्त करायला आलेला असू शकला असता, भाडेकरू असू शकला असता, लांबचा कुणी पाहुणा. पण असं 'हो' लावून आतल्या खोलीतून ज्याला विचारतात तो घरात एकच माणूस असतो. ताईनं लग्न केलं होतं. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याच्या थोरल्या बहिणीनं लग्न केलं होतं आणि हे त्याला दारात, पिशव्या खांद्यावर असताना, एका अक्षरावरून कळत होतं. समोरच्या माणसानं घास गिळला. त्याची नजर आधी फोटोग्राफरच्या दातांवर गेली, मग वर डोळ्यांवर, आणि त्याचा चेहरा उजळला. "अरे, या, या! आत या," तो म्हणाला आणि मान वळवून ओरडला, "अगं, ढब्या आलाय!"

ढब्या. बावन्न वर्षांच्या, काठीसारख्या वाळलेल्या माणसाला या नावानं हाक मारणारी जगात दोनच माणसं होती, त्यातलं एक गेलं होतं. आता तिसऱ्यानं, हातात लोण्याची सुरी घेऊन, ते नाव सहज उचललं. ताई हात पुसत बाहेर आली. ती रडली नाही, तिनं मिठी मारली नाही. तसली सवय त्या घराला कधीच नव्हती. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "केवढा वाळलास रे. पत्रं नाही मिळाली तुला?"

"कुठली पत्रं?"

"तीन टाकली. एक परत आलं. दोन आली नाहीत, म्हणजे मिळाली असतील म्हटलं." मग त्या माणसाकडे बघून, थोडं लाजून, थोडं रागावल्यासारखं, "हे. म्हणजे आम्ही... फेब्रुवारीत केलं. रजिस्टर. फोनवर सांगणार होते, तर तुझा आवाज तुटत होता. 'हॅलो हॅलो'मध्ये कसं सांगायचं असलं काही?"

त्याला आठवलं. फेब्रुवारीत तो एका नदीच्या बंधाऱ्यावर उभा होता, वारा होता, ताईचा फोन आला होता आणि तो म्हणाला होता, मी करतो नंतर. नंतर केला नव्हता.

चहा झाला. त्याला बसायला खिडकीजवळची खुर्ची दिली, पाहुण्यांना देत ती. साखर किती, असं भाऊजींनी विचारलं. हा शब्द त्यानं मनातल्या मनात दोनदा घोळवून पाहिला, भाऊजी, आणि तिसऱ्यांदा "एकच चमचा, भाऊजी" असं उघड म्हणून टाकला. नवीन चप्पल पायात घालून दोन पावलं टाकावीत तसा. भाऊजी खूश झाले. ते कवळ्या बनवत. डॉक्टर माप घेऊन पाठवायचे, हे दात बसवायचे; चाळीस वर्षं हेच. "माणूस हसला की लोक त्याचा स्वभाव बघतात, मी आधी काम बघतो," असं म्हणून ते स्वतःच हसले, आणि त्यांचे स्वतःचे दात चांगलेच वाकडेतिकडे होते. ताई वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर होती, निवृत्त होईपर्यंत. यांच्या कारखान्यातली वीज वारंवार जायची म्हणून हे तक्रार करायला यायचे. "चार वेळा वीज गेली म्हणून आले," ताई कपबशा उचलताना म्हणाली. "पाचव्या वेळी वीज होती. तरी आले." ती हे तोंड वळवून बोलली, पण तिच्या मानेवरून फोटोग्राफरला दिसलं की ती हसते आहे. ही मान त्यानं आयुष्यभर पाहिली होती, आणि ती हसताना कशी दिसते हे त्याला माहीत नव्हतं.

तो परत का आला हे सुदैवानं कुणी विचारलं नाही. कारण सांगण्यासारखं नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी एका डोंगराळ गावातल्या लॉजवर त्याला पहाटे जाग आली आणि आपण कुठे आहोत हे आठवेना. तसं त्यात नवं काही नव्हतं. सव्वीस वर्षं जो दर महिन्याला पलंग बदलतो त्याला याची सवय होते. थोडं पडून राहिलं की एकेक गोष्ट जागेवर येते, खिडकी कुठे, भाषा कुठली, काम काय. त्या दिवशी काहीच आलं नाही. बाथरूमला जायचं होतं म्हणून तो उठला, फिकट उजेडात भिंतीला हात लावत चार पावलं गेला, पाचव्या पावलाला पाय चांगला उंच उचलला, आणि कपाटावर आदळला. मग कपाळावरचं टेंगूळ चोळत पलंगावर बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की चार पावलं आणि मग उंच उंबरा हा रस्ता या लॉजचा नाहीच, कुठल्याच लॉजचा नाही. पाय झोपेत घरी निघाले होते. त्या दिवशीचं काम त्यानं पुरं केलं, फोटो पाठवले, आणि काम देणाऱ्या कंपनीला कळवलं की आता पुढचं काम नको. कंपनीनं कारण विचारलं नाही. तिथल्या ज्या मुलीनं उत्तर पाठवलं तिला बहुधा तो कोण हेही ठाऊक नव्हतं.

येताना वाटभर त्यानं घर मनाशी उभं केलं होतं. पुढची खोली, तिथलं टेबल, टेबलाशी चष्मा नाकावर ओढून वर्तमानपत्रातलं कोडं सोडवणारी ताई. आपण जाऊ, ती मान वर न करता म्हणेल, जेवण झाकून ठेवलंय. त्या चित्रात ताई टेबलासारखीच होती, भिंतीसारखी. कुठेही गेलं तरी ती तिथेच असणार म्हणून तर कुठेही जाता येत होतं. माणूस म्हणून तिला कुठे जायचं असेल हे त्याच्या डोक्यात सव्वीस वर्षांत एकदाही आलं नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते आलं तेव्हा तिच्याच तोंडून आलं. "बरं झालं आलास," ती म्हणाली. "शनिवारी आम्ही निघतोय. यांच्या गावी. यांच्या भावाचं घर आहे, मागच्या दोन खोल्या आम्हाला. झाडं आहेत म्हणे पुष्कळ."

"किती दिवस?"

"किती दिवस काय? राहायलाच."

"आणि हे घर?"

"हे आहेच की. बंद ठेवणार होते, आता तू आहेस. राहा. तुझंही आहेच ना ते." तिनं हे इतक्या सहज म्हटलं की त्यात टोमणा शोधूनही सापडेना. सापडला असता तर बरं वाटलं असतं. त्याच पहाटे पलंगावरून उठून चार पावलं टाकून त्यानं पाचवं पाऊल उंच उचललं होतं आणि ते हवेतच गेलं होतं, खाली पायरी असेल असं समजून पाय आपटावा तसा अख्ख्या अंगाला हिसका बसला होता. उंबरा नव्हता. त्या जागी गुळगुळीत सिमेंट होतं. तो कशाला काढला हे त्यानं भाऊजींना विचारलं, ताईला विचारायचं धाडस झालं नाही म्हणून. "आईंच्या चाकांच्या खुर्चीसाठी," ते हळू आवाजात म्हणाले. "मीसुद्धा ऐकूनच आहे."

आईच्या चाकांच्या खुर्चीबद्दल तो ऐकूनही नव्हता. किंवा ऐकलं असेल. फोनवर ताई म्हणाली असेल, आईला आता चालवत नाही, आणि त्यानं हो का, असं म्हटलं असेल. आई जाऊन नऊ वर्षं झाली होती, आणि त्याला घरी येऊन अकरा. ती गेल्याचा निरोप त्याला नऊ दिवस उशिरा मिळाला, तो मिठाच्या मैदानांत होता, तिथे फोन लागत नसे. निरोप मिळाल्यावर आधी वाटलं, आता जाऊन काय करणार. मग महिना गेल्यावर वाटलं, आता कुठल्या तोंडानं जायचं. मग वर्षं गेली तसं ते न जाणं हीच एक जागा झाली, तिथेच तो राहायला लागला. दरवर्षी ताईच्या वाढदिवसाला फोन. तब्येत कशी? बरी. तुझी? बरी. पाणी येतं का? येतं.

तिसऱ्या दिवशी ताई बांधाबांध करत होती आणि त्याला घरात कानकोंडं झालं, म्हणून तो कॅमेरा घेऊन बाहेर पडला. कॅमेरा घेतला तो सवयीनं. रस्ता तोच होता: दुधाचं दुकान, मोज्यांचं दुकान, पोस्टाची लाल पेटी, तिचा दरवाजा तेव्हाही नीट लागत नसे. दुनियाभर त्यानं हेच तर टिपलं होतं, दुकानं, फुटपाथ, खिडकीत वाळणारे कपडे, सलूनमध्ये डोळे मिटून बसलेली गिऱ्हाइकं. लोक म्हणायचे, रोजच्या जागा याच्या डोळ्यांतून वेगळ्याच दिसतात. परक्या गावात ते सोपं होतं. तिथे भिंत म्हणजे भिंत आणि तिच्यावरचं ऊन म्हणजे ऊन. इथे मोज्यांच्या दुकानावर नजर ठरली की तिथे टेलिफोन खात्यातल्या वडिलांनी त्याला ओल्या पायांनी आत जाऊ दिलं नव्हतं ते आठवे. दुधाच्या दुकानाच्या पायरीवर तो पंचविसाव्या वर्षी एका मुलीशी भांडला होता आणि तीच पायरी आता तशीच, मधोमध झिजलेली, समोर होती. बोट बटणावर ठेवलं तरी दाबलं जाईना. प्रत्येक चौकटीत आधीच कुणीतरी उभं होतं.

कोपऱ्यावर इस्त्रीवाला होता. तोही म्हातारा झाला होता, पण टेबल तेच आणि त्यावरची जळलेली घोंगडीही बहुधा तीच. फोटोग्राफरनं थोडं लांबून कॅमेरा डोळ्याला लावला. वाफ चांगली उठत होती.

"काय काढतोस?" इस्त्रीवाला मान वर न करता म्हणाला. "माहीत नाही का तुला हे सगळं?"

त्यानं कॅमेरा खाली केला. "ओळखलंत?"

"टेलिफोनवाल्यांचा धाकटा. न ओळखायला काय झालं?" इस्त्री उभी करून त्यानं कपाळ पुसलं. "ताई चालली ना आता? बरं झालं. पुष्कळ केलं तिनं. तू तरी त्या वेळी आलास ते चांगलं केलंस."

"कुठल्या वेळी?"

"आई दवाखान्यात होती तेव्हा रे. तुझे ते दोन निळ्या पट्ट्यांचे शर्ट यायचे ना माझ्याकडे, एक आज, एक उद्या. मी म्हटलं आमच्या बायकोला, भाऊ आला वाटतं. भेटायला नाही आलास मला, पण म्हटलं आई आजारी, कुठून वेळ असणार."

 'मी आलो नव्हतो' असं फोटोग्राफर म्हणू शकला असता. त्याच्या घशाशी ते आलंही होतं. पण म्हाताऱ्यानं इतक्या मायेनं म्हटलं होतं, आणि नऊ वर्षं तो हे धरून बसला होता. "हो, गडबड होती," असं फोटोग्राफर म्हणाला. म्हटल्यावर कान तापले. चोरी करून पळावं तसा तो भराभर चालत घरी आला.

भाऊजी दोऱ्या आणायला गेले होते. ताई आतल्या खोलीत जमिनीवर बसून कपाटाचा खालचा कप्पा रिकामा करत होती. समोरच्या भिंतीवर त्याचा फोटो लावलेला होता, एकच. मिठाच्या मैदानातली बाई, कमरेवर हात ठेवून उभी, भोवती सगळं पांढरं, डोळे दिपल्यामुळे बारीक झालेले आणि तोंडभर हसू. त्याचं नाव ज्यानं झालं तो फोटो. पुस्तकावर आला, कॅलेंडरवर आला, दोन शहरांत मोठा करून टांगला गेला. तो फोटो या भिंतीवर आहे हे त्यानं पहिल्याच दिवशी पाहिलं होतं आणि तेव्हापासून या खोलीत पाठ फिरवून तो बसत होता. आताही तो त्याच भिंतीला टेकून बसला, फोटो डोक्यावर राहील असा. थोडा वेळ तिनं दिलेल्या चादरींच्या घड्या केल्या. मग म्हणाला, "ताई, इस्त्रीवाला म्हणतो माझे शर्ट त्याच्याकडे जात होते. आई दवाखान्यात असताना."

ताईचे हात थांबले. "त्याला बोलायला कुणी सांगितलं होतं," ती म्हणाली. पण आवाजात राग नव्हता. तिनं एक उशीचा अभ्रा उचलला. "आईचं शेवटचं तू कधी विचारलंच नाहीस."

"विचारायचं होतं."

"मग विचार."

बावन्नाव्या वर्षीही तिनं असं म्हटल्यावर त्याला धाकट्यासारखंच वाटलं. "त्रास झाला का तिला?"

"नाही. तू होतास ना, तिला बरं वाटलं."

आपण ऐकण्यात चूक केली असं त्याला वाटलं. ताईनं अभ्रा मांडीवर पसरला आणि तळहातानं तो सरळ करत, त्या अभ्र्यालाच सांगावं तसं सांगायला लागली. "ताप डोक्यात गेला होता. दिसायचं तर आधीच कमी झालेलं. सोमवारी संध्याकाळी म्हणाली, ढब्या, आलास का रे? मी म्हटलं, आई, मी आहे. ताई. तर तोंड फिरवलं तिनं. परत विचारलं, मी गप्प बसले. मग रडायला लागली. आवाज नाही, नुसतं पाणी. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी म्हटलं," ती थांबली आणि घसा खाकरून, जरा जाड आवाजात म्हणाली, "हो आई. आलो."

 खालून एक हातगाडी खडखडत गेली.

"म्हटलं, एकदाच म्हणायचं, तिला झोप लागेल. पण एकदा 'आलो' म्हटल्यावर सुटका असते होय? तिनं हात धरला. शर्टाची बाही चाचपली, माझी तर ब्लाउजची साडेतीन बोटांची बाही, म्हणाली, हे काय घातलंयस? घरी आले, तुझे जुने शर्ट काढले. चार दिवस मी 'आलो', 'बसलो', 'जेवलो', सगळं तसंच बोलत होते. जेवलास का? जेवलो. पुन्हा जाणार? नाही, आता नाही जात. नर्स माझ्याकडे बघून हसायच्या आधी. मग हसायच्या बंद झाल्या."

"आणि तू?" त्यानं विचारलं. "तुझं विचारलं का तिनं?"

"विचारलं की. बुधवारी. म्हणाली, ती कुठंय? मी म्हटलं, कामावर गेलीय. तर जवळ बोलावलं मला, कानात सांगितलं, तिला सांगू नकोस हो, पण ती फार ओरडते मला. गोळ्यांवरून." ताई हसली, हसता हसता तिनं अभ्र्यानं नाक पुसलं. "खोटं नव्हतं ते. ओरडायचेच मी. गोळी जिभेखाली धरून ठेवायची आणि मग उशीत लपवायची, काय करणार? पण माझ्यापुढे माझीच चहाडी केली बघ, आणि झोपली. गुरुवारी दुपारी गेली. त्यानंतर माझ्याशी काही बोलणंच झालं नाही. म्हणजे तुझ्याशी झालं. जाताना तुझा हात धरला होता तिनं."

फोटोग्राफरला वाटलं, आता काहीतरी म्हणायला हवं, माझं चुकलं म्हणायला हवं; पण तो शब्द इतका लहान वाटला की तो काढायचीच लाज वाटली. नऊ वर्षं त्याला वाटत होतं की आपण आईच्या मरणाला नव्हतो. आता कळत होतं की आपण होतो, तिथे बाजूला बसलो होतो, आणि आपण होतो म्हणूनच ही नव्हती. बहिणीच्या वाट्याचा आईचा शेवटचा निरोप त्यानं तिथे न जाताच घेतला होता. मग त्याला जे विचारावंसं वाटलं त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"मी आणखी काय म्हणालो?"

ताईनं पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. "माफी मागितलीस," ती म्हणाली. "म्हणजे मीच मागितली, तुझ्या वतीनं. म्हटलं, उशीर झाला आई. तर म्हणाली, रस्ते खराब असतील."

तो रडला. आवाज न करता, गुडघ्यात तोंड घालून, पुष्कळ वेळ. ताईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही, ती त्याच्याकडच्या चादरी ओढून घेऊन त्यांच्या घड्या करत राहिली. त्याच्या घड्या तिला कधीच पसंत नव्हत्या. मग तो वर न बघता म्हणाला, "हा फोटो. त्या गुरुवारचाच आहे. दुपारचा. तुला सांगायचं होतं."

"माहीत आहे. मागे तारीख छापलेली असते की."

"मग लावलास कशाला?"

"ती बाई छान हसते म्हणून," ताई म्हणाली. "पहिल्या वर्षी कपाटात ठेवला होता. मग म्हटलं, तिनं काय केलंय?"

शनिवारी तिघे बसस्थानकावर आले तेव्हा दुपारचे दोन वाजत आले होते. सामान आधीच टेम्पोनं गेलं होतं. हातात दोन पिशव्या, पाण्याची बाटली आणि भाऊजींच्या हत्यारांची पेटी, ती ते कुणाच्या हातात देत नव्हते. गाडी उशिरा होती. भाऊजी चौकशी करून आले, अर्धा तास म्हणतात, म्हणाले आणि पुन्हा चौकशीला गेले. एका जागी बसणं त्यांना जमत नसावं. बाकावर दोघंच राहिले. ताईनं गॅसचं सांगितलं, मागच्या नळाचं सांगितलं, वरच्या मजल्यावरच्या बाई किल्ली मागतील तर द्यायची नाही हे सांगितलं. "आणि आंघोळीनंतर खिडकी उघडी ठेव, भिंतीला ओल येते." तो हो हो म्हणत होता. मग तिचं बोलणं मध्येच थांबलं, आणि तो वळून बघणार तेवढ्यात तिचं डोकं त्याच्या खांद्यावर आलं.

आधी त्याला वाटलं तिला चक्कर आली. पण श्वास संथ चालला होता, तोंड किंचित उघडं होतं. चार दिवस ती उभी होती. भांडी, कपडे, कागद, एकेक गोष्ट हातात घेऊन हे न्यायचं, हे नाही, असं ठरवत होती, आणि आता ठरवायला काही उरलं नव्हतं. तो ताठ बसला. तिचं डोकं त्याला वाटलं होतं त्यापेक्षा खूपच जड होतं. केसांना साबणाचा आणि जुन्या वर्तमानपत्रांचा वास येत होता. कानामागे एक छोटा तीळ होता. हा तीळ आपण कधी पाहिला आहे का हे तो आठवून बघत होता. लांबच्या लांब देशांतल्या झोपलेल्या माणसांचे चेहरे त्याला तोंडपाठ होते, गोदीतले हमाल, गाडीतल्या बायका, दवाखान्याच्या ओट्यावरची पोरं. बहिणीला झोपलेलं त्यानं पाहिलं नव्हतं. त्या घरात ती सगळ्यांच्या नंतर झोपायची आणि सगळ्यांच्या आधी उठायची. कॅमेरा पायाशी पिशवीत होता. तिकडे त्याचा हात गेला नाही. गेला असता तर खांदा हलला असता. दंडात मुंग्या आल्या, मग बोटं बधिर झाली, मग हात आपला आहे की नाही हेच कळेनासं झालं.

गाडी आली. फलाटावर एकदम धावपळ झाली, पिशव्या, हाका, कुणाचं तरी रडणारं मूल. ती उठली नाही. भाऊजी गर्दीतून घाईघाईनं आले, "लागली आपली, चला," असं म्हणत, आणि दोन पावलांवर थबकले. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. पेटी आवाज न करता खाली ठेवली.

"उठवू का?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

त्यानं मान हलवली, तीही जेमतेम. भाऊजी वळले, गाडीच्या दाराशी जाऊन कंडक्टरशी काहीतरी बोलले, बाकाकडे हात करून दाखवला. कंडक्टर वहीचं पान उलटता उलटता वैतागलेल्या चेहऱ्यानं स्वतःच आला. "अहो, गाडी आधीच उशिरा आहे," तो म्हणाला. "आतले लोक मला खातील. उठवा त्यांना."

"माझी बहीण आहे," फोटोग्राफर म्हणाला. "फार दमलीय. दोन मिनिटं झोपू द्या."

कंडक्टरनं मनगटावरचं घड्याळ पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आतून कुणीतरी काच ठोठावत होतं. मग त्यानं तिकीट वही काखेत धरली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला, तिला धक्का लागणार नाही असा, हळूच बसला.